करंगळी

माझी नात पाचवीत आहे. शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी ती गॅलरीत जाऊन येते, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. एकदा मी तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. तिने दप्तरातून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. मग मला पाहून दचकली.

"आजी, आईला सांगू नकोस हं. बाटली भरलेली दिसली की ओरडते."

सकाळी सातला घरातून निघालेली मुलगी दुपारी दीडला परत येते. साडेसहा तासांत तिने एक घोटही पाणी घेतलं नव्हतं. मी विचारलं, "का गं पीत नाहीस?" तर म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना! तिथे कडी नाहीये. आणि इतका वास येतो की नाक दाबून उभं राहावं लागतं."

शाळा चांगली नावाजलेली आहे. फीसुद्धा नावाला साजेशीच आहे. असो.

त्याच संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या एक बाई काचेची सुंदर बाटली घेऊन आल्या. आत काकडीच्या चकत्या, लिंबाच्या फोडी आणि पुदिना. रात्रभर ठेवायचं, सकाळी अनशापोटी प्यायचं, की म्हणे सात दिवसांत अंगातली सगळी 'टॉक्सिन्स' बाहेर पडतात. मी विचारलं, "कुठली हो टॉक्सिन्स?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असतात हो, सगळ्यांच्याच अंगात असतात."

एकाच दिवशी या दोन बाटल्या समोर आल्या आणि रात्री झोप लागेना. म्हणून हे लिहायला बसले आहे. विषय जरा संकोचाचा आहे, पण माझं वय आता संकोचाच्या पलीकडे गेलं आहे.

मी मराठीची शिक्षिका. बी.ए. झालेली. शरीरशास्त्राशी माझा संबंध आला तो ऑफ तासामुळे. एका वर्षी विज्ञानाचे सर महिनाभर रजेवर होते आणि त्यांचे तास आम्हा दोघी-तिघींना वाटून दिले होते. माझ्या वाट्याला नेमका 'उत्सर्जन संस्था' हा धडा आला. 'मूत्र' शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची. धडा नुसता वाचून दाखवून मोकळं व्हावं असं वाटत होतं. पण आदल्या रात्री तयारी करायला बसले आणि खरं सांगते, त्यात पार रमून गेले.

आपली दोन मूत्रपिंडं म्हणजे मुठीएवढे दोन अवयव. एकेकाचं वजन सुमारे 150 ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या मानाने नगण्यच. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. मिनिटाला साधारण एक लिटर. आपल्या अंगात रक्तच मुळी पाच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे पाच-सहा मिनिटांत सगळ्या रक्ताएवढं रक्त तिथून फिरून येतं. प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास बारीक नलिका असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. खरी गाळणी ती.

आता गाळणी म्हटलं की आपल्याला चहाची गाळणी आठवते. चहा खाली जातो, चोथा वर राहतो. मूत्रपिंडाचं काम तसं नाही. ते मी वर्गात दिवाळीच्या सफाईचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. आपण माळ्यावरचं नको असलेलं तेवढंच शोधून काढत बसत नाही. सगळा माळा खाली उतरवतो, आणि मग लागणाऱ्या वस्तू एकेक करून परत वर ठेवतो. जे खाली उरतं ते भंगारवाल्याला. मूत्रपिंडं हेच करतात. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव ती रक्तातून बाहेर काढतात आणि त्यातला 99 टक्के परत आत घेतात. पाणी परत, साखर परत, मीठ गरजेपुरतं परत. उरतो तो दीड-दोन लिटर. तीच आपली लघवी. मुलांनी खुसखुसणं थांबवलं होतं. एकाने विचारलं, "बाई, 180 लिटर म्हणजे किती बादल्या?" फळ्यावर भागाकार केला. पंधरा लिटरची बादली धरली तर बारा बादल्या. रोजच्या!

बाहेर टाकायचं काय असतं? आपण डाळ, अंडी, दूध खातो, त्यातल्या प्रथिनांचा वापर झाला की अमोनिया तयार होतो. तो विषारीच. त्याला तसाच रक्तात फिरू दिला तर मेंदूवर परिणाम होतो. म्हणून यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं. युरिया त्या मानाने सौम्य आणि पाण्यात सहज विरघळणारा. यकृत हे कसं करतं ते हान्स क्रेब्झ आणि कुर्ट हेन्सेलाइट या दोघांनी 1932 मध्ये उलगडून दाखवलं. हा युरिया मूत्रपिंडं बाहेर काढतात. स्नायूंतून येणारं क्रिएटिनिन आणि युरिक अॅसिडही त्याच वाटेने जातं. आता साठीनंतर आपल्या सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनचा आकडा असतोच, आणि तो पाहून छातीत धस्स होतं ते याचसाठी.

बाकीच्या वाटाही आहेत. फुप्फुसं प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवसांनी निकामी होतात. त्यांच्या मोडतोडीतून एक पिवळं द्रव्य निघतं, बिलिरुबिन. यकृत ते पित्तातून आतड्यात सोडतं आणि शौचाला जो रंग येतो तो त्याच्यापासूनच येतो. कावीळ झाली की डोळे पिवळे का दिसतात? हे द्रव्य बाहेर जायचं ते रक्तातच साचून राहतं म्हणून. घामातूनही थोडं मीठ, थोडा युरिया जातो, पण घामाचं मुख्य काम अंग थंड ठेवण्याचं. घाम गाळला म्हणजे विष गळून गेलं, असं काही नाही.

तर शेजारच्या बाईंना मला सांगायचं होतं ते एवढंच, की अहो, तुम्ही ज्या कामासाठी सात दिवसांचा कोर्स घेताय ते काम तुमच्या पोटात या क्षणीही चालू आहे. रविवारी नाही, दिवाळीला नाही, सुट्टी म्हणून नाही. काकडी-लिंबाचं पाणी चवीला छान लागतं, जरूर प्या. पण त्यातला पाण्याचा भाग तेवढा मूत्रपिंडांच्या कामाला येतो. ज्यांची मूत्रपिंडं खरोखर निकामी होतात त्यांना पुदिन्याचा उपयोग नसतो. त्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यावं लागतं. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने 1943 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, असं पहिलं यंत्र बनवलं. आज यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत. तरी माझ्या ओळखीतले डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ सांगतात, "बाई, घोटभर पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. लघवीला होणं हे केवढं सुख आहे ते मला विचारा."

आता मूळ मुद्द्यावर येते.

हे सगळं काम शरीर आपल्याला न विचारता करतं. रक्त गाळताना मूत्रपिंडं परवानगी मागत नाहीत. यकृत मागत नाही. शेवटची पायरी मात्र शरीराने आपल्या हाती दिली आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन झडपा असतात म्हणा ना. आतली आपोआप चालते, बाहेरची आपल्या इच्छेवर. मूत्राशयात पाव लिटरच्या आसपास साठलं की मेंदूला पहिली सूचना जाते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात चार-पाचशे मिलिलिटर मावतं, लहान मुलांच्या त्याहून कमी. दोन-तीन वर्षांचं मूल ही बाहेरची झडप आवरायला शिकतं तेव्हा घरात केवढं कौतुक होतं! 'आता सांगतो हं आमचा बाळ' असं आपण चारचौघांत सांगतो.

आणि मग त्याच बाळाला शाळेत पाठवतो. तिथे ते सांगतं. करंगळी वर करून सांगतं. आणि आपण म्हणतो, "खाली बस. आत्ताच तर मधली सुट्टी झाली."

मी हे किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. पण एक दिवस पक्का लक्षात आहे. 1986-87 ची गोष्ट. पाचवीचा वर्ग, कवितेचा तास रंगात आलेला. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने करंगळी वर केली. मी मानेनेच 'नाही' म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा वर झाली. मी रागावून म्हटलं, "तुला कविता सुरू झाली की बरी आठवण होते!" वर्ग हसला. दहा मिनिटांनी बाकाखाली ओघळ आला. वर्ग पुन्हा हसला. ती मात्र मान खाली घालून वही उघडून बसली होती, जणू काही झालंच नाही. त्या वहीवर टपटप पाणी पडत होतं.

ती आठवडाभर शाळेत आली नाही. आल्यावर मी तिला जवळ घेतलं, समजूत काढली. पण वर्षभरात तिने पुन्हा कधी करंगळी वर केली नाही. मधल्या सुट्टीत ती नळावर जायची नाही हेही मी पाहिलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही. किंवा कळला, पण कळून घ्यायचा नव्हता. उत्सर्जन संस्थेचा धडा मी त्याआधी दोनच वर्षं शिकवला होता. आकृती काढून, नावं देऊन. 180 लिटर मला पाठ होते. समोरच्या मुलीच्या दोनशे मिलिलिटरची मात्र मी दखल घेतली नाही.

खरं तर मला ते कळायला हवं होतं, कारण मी स्वतः तेच करत होते. आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी एक मुतारी होती, मैदानाच्या टोकाला. तिथे जायचं तर सगळ्या वर्गांच्या खिडक्यांसमोरून जावं लागायचं. पाणी नसायचं. दार लागायचं नाही, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर उभं राहायचं. म्हणून आम्ही सगळ्याजणी घरूनच जाऊन निघायचो आणि घरी येऊनच जायचो. पाणी प्यायचं नाही हा स्टाफरूममधला अलिखित नियम होता. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीला आम्हीच तो शिकवायचो! चाळिशीत मला वरचेवर लघवीची जळजळ आणि ताप यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शाळेत असताना किती वेळा जाता?" मी म्हटलं, "एकदाही नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी तेव्हा कागदावर आकृती काढून समजावलं ते आजही लक्षात आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे 20 सेंटिमीटर लांब असतो, बाईचा जेमतेम 4. बाहेरच्या जंतूंना आत पोचायला तेवढंच अंतर. लघवीच्या धारेबरोबर ते धुऊन निघतात. आपण पाणी प्यायलो नाही आणि तासन् तास रोखून धरलं की त्यांना वाढायला निवांतपणा मिळतो. तिथून वर चढून ते मूत्रपिंडापर्यंतही पोचू शकतात. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, क्षारांचे खडे व्हायला लागतात. लहान मुलांमध्ये तर शौच रोखून बद्धकोष्ठ होतं, आणि त्यातून लघवीचे त्रास आणखी वाढतात. म्हणजे ज्या बायकांना आणि मुलींना रोखून धरण्याचा धोका जास्त, त्यांच्यावरच रोखून धरायची वेळ जास्त. पुरुष काय, कुठलीही भिंत पाहून उभे राहतात. ते चांगलं असं मी म्हणत नाही. पण दोघांच्या अडचणीत फरक आहे.

कायदे नाहीत असं मुळीच नाही. कारखान्यांत स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळी व्यवस्था हवी हे 1948 च्या कारखाना कायद्यातच म्हटलं होतं. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं शाळेला बंधनकारक केली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत ती सोय करायला सांगितली. मुंबईत 2011 पासून बायकांनी 'राईट टू पी' नावाची चळवळ चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा कुठला न्याय, असा त्यांचा साधा सवाल होता. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला देशभरातल्या न्यायालयांच्या आवारातसुद्धा ही सोय करा असं सांगावं लागलं. जिथे न्याय मागायला जायचं तिथली ही कथा!

खोल्या बऱ्याच ठिकाणी बांधून झाल्या आहेत, हेही कबूल केलं पाहिजे. माझ्या काळापेक्षा आज परिस्थिती खूपच बरी आहे. पण बांधलेली खोली आणि वापरता येणारी खोली यांत अंतर असतं. ते अंतर म्हणजे एक कडी, एक बादली, नळाला पाणी, झाकणाचा एक डबा आणि दिवसातून दोनदा साफ करणारं माणूस. त्या माणसाला वेळेवर पगार. कागदावर 'स्वच्छतागृह आहे' अशी खूण करताना यातलं काहीच विचारलं जात नाही. केरळमधल्या शाळांत 2019 मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण करायला वेगळी घंटा द्यायला सुरुवात झाली. फार छान कल्पना. पण पाण्याच्या घंटेच्या जोडीला कडीचं दारही लागतं. नाहीतर पाणी तुळशीला जातं.

याच्या मुळाशी मला आपली लाज दिसते. शरीराने नको म्हणून बाहेर टाकलेलं ते घाण, त्याबद्दल बोलणं घाण, ती जागाही घाण, मग ती घाण असली तर बिघडलं कुठे? देहूचे डॉ. मापुसकर रोग्यांना तपासायला म्हणून त्या गावी गेले आणि उभं आयुष्य त्यांनी गावात संडास बांधण्यासाठी खर्च केलं. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. औषधाआधी संडास, हे डॉक्टर असून त्यांना उमगलं होतं. आम्हा शिक्षकांना मात्र शिक्षणाआधी मुतारी हे उमगलं नाही.

काही शिक्षक म्हणतील, बाई, मुलं फायदा घेतात. एकाला सोडलं की दहा करंगळ्या वर होतात. खरं आहे. घेतात फायदा. मीही तास बुडवणारी पुष्कळ मुलं पाहिली. पण हिशेब करून बघा. दहातली नऊ खोटी निघाली तर आपली पाच-दहा मिनिटं गेली. आणि दहावी खरी असताना आपण तिला बसवलं, तर काय जातं ते मी वर लिहिलं आहे. खोटं बोलणाऱ्याला नंतर रागवता येतं. अडवलेल्या मुलीची भरपाई मला अजून करता आलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. करंगळी वर दिसली की मान हलवावी, कारण विचारू नये. पालकसभेत मार्कांच्या आधी मुतारीबद्दल विचारावं, आणि जमलं तर स्वतः जाऊन दार लावून बघावं. घरी मुलांशी हे शब्द साधेपणाने बोलावेत. बाटली रिकामी आली का, एवढंच न पाहता ती कुठे रिकामी झाली तेही विचारावं.

नातीचं गुपित मी फोडलं. तिला आधी सांगून फोडलं. सूनबाईंनी पालकसभेत उभं राहून विषय काढला. आधी सगळे गप्प. मग मागून एक आई म्हणाली, आमचीपण पीत नाही. मग आणखी दोघी. आठ दिवसांनी कडी बसली. वास अजून आहे म्हणते. पण परवा घरी आली तेव्हा बाटलीत पाणी निम्म्याला आलं होतं, आणि ती गॅलरीत न जाता सरळ जेवायला बसली.

बाकीच्या निम्म्यासाठी पुढच्या पालकसभेला मीही जाणार आहे.